निलगिरीचा पाला आणि बांधालगतचे पीक
बांधावर निलगिरी लावली की लगतच्या ओळींतील पीक खुरटते, ही शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. सावली व पाणी ओढणारी मुळे ही कारणे खरीच. परंतु पाल्याचाही त्यात वाटा असतो. निलगिरीच्या पानांत सिनिओलयुक्त उडनशील तेल व फिनॉल वर्गातील आम्ले असतात. गळलेला पाला पावसात भिजला की ही द्रव्ये मातीत झिरपतात. बियांची उगवण मंदावते, कोवळी मुळे आखूड राहतात. या परिणामास हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली 'ॲलेलोपॅथी' हे नाव दिले. मात्र मातीतील जीवाणू ही द्रव्ये हळूहळू मोडतात, तेव्हा सारा दोष पाल्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. बांधालगत चर खणल्यास मुळे अडतात. पाला मात्र वाऱ्याबरोबर चर ओलांडतो. तो पेरणीपूर्वी वेचून काढावा लागतो.