मनाची व्याधी आणि सागरातील औषधे

क्षीरसागराच्या मंथनातून धन्वंतरी अमृतकलश घेऊन वर आला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु अमृताच्या आधी त्याच सागरातून हलाहल निघाले होते, हे आपण सहसा विसरतो. समुद्रात औषधे शोधणाऱ्या शास्त्रज्ञास मात्र कथेचे हे दोन्ही भाग ध्यानी ठेवावे लागतात. नैराश्य या मनोविकारावरील औषधांचा शोध हे त्याचेच एक उदाहरण होय.

परीक्षेत गुण कमी पडले म्हणून दोन दिवस वाटणारी खिन्नता म्हणजे नैराश्य नव्हे. या विकारात आठवडेच्या आठवडे मन उदास राहते, आवडत्या गोष्टींतही रस वाटत नाही, झोप व भूक बिघडते आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. हा आजार आहे. आळस किंवा मनाचा दुबळेपणा नव्हे.

या आजाराच्या अभ्यासात सेरोटोनिन या द्रव्याचे नाव वारंवार येते. मेंदूतील एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोहोचविणाऱ्या द्रव्यांपैकी ते एक आहे. त्याच्या शोधाशी समुद्राचा निकटचा संबंध आहे. इटालियन शास्त्रज्ञ एर्स्पामेर यांना ते प्रथम प्राण्यांच्या आतड्यात व पुढे अष्टपादाच्या लालाग्रंथींत आढळले. अमेरिकेत बेटी ट्वारोग या तरुण संशोधिका समुद्रातील शिंपल्याच्या स्नायूंचा अभ्यास करीत होत्या. सेरोटोनिनने तो स्नायू सैल पडतो, असे त्यांना दिसले. शिंपल्यात जे कार्य करते ते मेंदूतही असेल काय, असा प्रश्न त्यांच्या मनात आला; आणि १९५३ साली पेज यांच्यासह त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते असल्याचे दाखवून दिले. नैराश्यावरील आजची अनेक औषधे सेरोटोनिनच्या कार्यावर परिणाम करतात. तथापि केवळ त्याच्या उणिवेमुळेच हा आजार होतो, असे मानणे बरोबर नाही.

आता स्पंजाकडे वळू. स्पंज वनस्पतीसारखा दिसला तरी प्राणीच आहे. खडकास चिकटलेल्या या जीवाला पळता येत नाही, चावताही येत नाही. म्हणून अनेक जाती रासायनिक द्रव्ये तयार करून शत्रूला दूर ठेवतात. ऑस्ट्रेलियाजवळील प्रवाळभित्तीवरील एका स्पंजातून १९७७ साली ॲप्लिसिनोप्सिन नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याची घडण काही अंशी सेरोटोनिनसारखी आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमीन असते. काही स्पंज ते आपल्या द्रव्यांत गुंफतात. अशा एका द्रव्याने प्रयोगशाळेतील उंदरांवर नैराश्यशामक औषधासारखा परिणाम केल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. द्रव्य सुरक्षित आहे काय, किती मात्रा द्यावी, ते पुरेशा प्रमाणात कसे बनवावे, हे सारे प्रश्न पुढे उभे राहतात. १९५० च्या सुमारास बर्गमन यांना कॅरिबियन स्पंजात सापडलेल्या द्रव्यांच्या नमुन्यावरून रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबिन हे औषध बनले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९६९ साली. नैराश्यासाठी मात्र स्पंजापासूनचे औषध अद्याप वैद्यांच्या हाती आलेले नाही. माशांच्या तेलावरील प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तेव्हा ताटात रोज मासळी आहे म्हणून मनाची काळजी मिटली, असे गोमंतकीयांनी समजू नये.

आपल्या गोव्यात दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कार्य करीत आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे अशा संशोधनास वाहून घ्यावे, ही सदिच्छा.

तोपर्यंत एक कर्तव्य मात्र आजचेच आहे. वर्गातील एखादा मित्र अबोल झाला, खेळ सोडून एकटा बसू लागला, तर “मन घट्ट कर” एवढे म्हणून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका आणि घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना सांगा. योग्य उपचार आजही उपलब्ध आहेत आणि त्यांनी अनेकजण बरे होतात. सागरातील अमृत हाती येईल तेव्हा येवो. मित्राला वैद्यापर्यंत नेणारा हात मात्र आपणापाशी आजच आहे.