एकांची माळ

गणिताचे नाव काढताच कला शाखेचा विद्यार्थी दोन पावले मागे सरतो. परंतु या शास्त्राचे काही प्रांत असे आहेत, की तेथे शिरण्यास वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी पदव्युत्तर पदवी नसताना याच भांडवलावर जगाचे लक्ष वेधले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले.

कापरेकरांच्या 'डेम्लो' संख्यांचे नाव एका रेल्वे स्टेशनावरून आले. आजचे डोंबिवली ते हेच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नुसत्या एकांच्या माळेतून ही शोभा निर्माण होते. आता प्रश्न असा, की यांतील कोणत्या माळा मूळ संख्या आहेत?

एकांची संख्या संयुक्त असेल तर माळ तुटतेच. उदाहरणार्थ, ११११ = ११ × १०१, आणि १११११११११ ला १११ ने भाग जातो. म्हणून एकांची संख्या मूळ असली पाहिजे. पण तेवढे पुरेसे नाही: १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१, ११११११‌१ = २३९ × ४६४९. अकरा, तेरा आणि सतरा एकांच्या माळाही तुटतात. एकोणीस एकांची मात्र अभंग राहते!

हे ठरवायचे कसे? या माळेचा मूळ अवयव असलाच, तर त्यातून १ वजा केल्यावर ३८ ने भाग गेला पाहिजे, असे सिद्ध करता येते. वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. म्हणजे तपासण्याजोगे भाजक सुमारे पावणेतीन कोटी. मिनिटाला एक भागाकार, तोही अहोरात्र, केला तरी पन्नासहून अधिक वर्षे लागतील.

येथे फ्रेंच गणिती ल्यूका यांची एकोणिसाव्या शतकातील युक्ती उपयोगी पडते. एखाद्या संख्येतून १ वजा करून उरलेल्या संख्येचे मूळ अवयव ठाऊक असतील, तर मूळपणाची कसोटी थोडक्या गणितात लावता येते. आपल्या माळेतून १ वजा केला की उरते अठरा एकांची माळ गुणिले १०. अठरा संयुक्त असल्याने ती माळ सहज तुटते; तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव अवघा ३३३६६७! म्हणजे तुटणारी माळच न तुटणाऱ्या माळेची साक्ष देते.

या मूळ संख्येने १ ला भागले, तर दशांशचिन्हापुढे अठरा शून्ये व एक ९ असा एकोणीस अंकांचा गट अखंड फिरत राहतो.

पुढे २३ एकांची माळ मूळ ठरली. ३१७ एकांची १९७७ साली, १०३१ एकांची १९८६ साली आणि ४९,०८१ एकांची संगणकाच्या साहाय्याने २०२२ साली. अशा माळा अनंत आहेत काय, हे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही. हा प्रश्न समजण्यास शालेय भागाकार पुरतो; म्हणून शाहूवाडीच्या वाचनालयात बसलेल्या विद्यार्थ्यालाही तो तितकाच खुला आहे.