शुद्ध मराठीसाठी हाताशी ठेवावयाची पुस्तके

झिंडेलफिंगेन (जर्मनी)



इकडे जर्मनीत लिहिताना शब्द अडला की लोक ‘डूडेन’ उघडतात. कोनराड डूडेन यांचा हा कोश १८८० साली प्रथम निघाला. मराठी लिहिताना मात्र आपण स्मरणावर विसंबतो. परदेशी वाढलेल्या आपल्या मुलांच्या हाती पुष्कळदा एवढीच मराठी पाने पडतात. येथे जे छापले जाईल तेच ती शुद्ध धरतील. म्हणून लेख तपासणाऱ्याजवळ पुढील पुस्तके असावीत.

१. नियमांसाठी : मो. रा. वाळंबे यांचे ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ व १९७२ चे ४ असे एकूण १८ नियम आहेत. ‘बहीण’ पण ‘बहिणीला’, ‘कवी’ पण ‘कविसंमेलन’, असे का, ते त्यांवरून कळते.

२. शब्दाच्या रूपासाठी : अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’. प्रवासात त्यांचेच ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ पुरे.

३. दोन्हींसाठी : यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ व ‘मराठी शब्दलेखनकोश’. यास्मिनबाई माहेरच्या जेरुशा रूबेन, ज्यू घराण्यातल्या. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात त्या श्री. म. माटे यांच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे मुंबईत त्यांनी महाविद्यालयात मराठी शिकविले. २०२५ साली त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. मराठीचे व्याकरण आपल्या एका भगिनीने साऱ्या महाराष्ट्राला समजावून दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

४. अर्थासाठी : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७). वाडवडिलांच्या तोंडचे जुने शब्द त्यात पुष्कळ सापडतात.

परंतु आपले स्वतःचे शब्द? ‘शब्बाथ’ की ‘शब्बात’? ‘दारफाळणीचा सण’ की ‘दरफाळणीचा’? येथे वरील कोश पुरे पडणार नाहीत. त्यासाठी एक वही करावी. वडीलधाऱ्यांना उच्चार विचारून एक रूप ठरवावे, ते अक्षरक्रमाने लिहावे आणि प्रत्येक अंकात तेच वापरावे. जाणती माणसे आपल्यात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

अभ्यास : या अंकाचे एक पान घ्या. प्रथम केवळ अर्थासाठी वाचा, दुसऱ्यांदा ऱ्हस्व-दीर्घासाठी, तिसऱ्यांदा नावे व तारखांसाठी. शंका आली तेथे पेन्सिलीने खूण करा व कोश पाहिल्यावरच दुरुस्ती करा. लेखकाची बोली मात्र बदलू नका. ती चूक नव्हे.