कचरा, कंत्राट आणि आपण

प्रथम एक सोपे उदाहरण सोडवा. एका शहराने कचरा उचलण्याचे काम खासगी कंपनीस दिले. दर टनास एक हजार रुपये ठरले. गाडीत तीन टन कचरा असता वर एक टन माती भरली, तर कंपनीस अधिक किती मिळाले? एक हजार रुपये. आणि शहर अधिक किती स्वच्छ झाले? मुळीच नाही. या दोन उत्तरांत आजच्या पाठाचे सार आहे. ज्या गोष्टीचे माप घेऊन मोबदला द्यावा, तीच गोष्ट वाढते.

आपल्या शेजारच्या नागपुरात हे काम बरीच वर्षे एकाच कंपनीकडे होते. नोव्हेंबर २०१९ पासून महानगरपालिकेने शहराचे दहा झोन दोन कंपन्यांस प्रत्येकी पाच असे वाटून दिले. मोबदला टनाच्या हिशेबानेच ठरला. पुढे वजन वाढविण्याकरिता कचऱ्यात माती मिसळली जाते, अशा तक्रारी तेथे झाल्या. शिवाय वजनकाट्यास ओला व सुका हा भेद कळत नाही. घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एक झाला, तरी वजन तेवढेच भरते.

पुण्याची रीत निराळी आहे. तेथे २००८ साली महानगरपालिकेने 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला. त्यांची मिळकत घरोघरच्या मासिक शुल्कावर व सुक्या मालाच्या विक्रीवर अवलंबून. एक घर चुकले की शुल्क बुडते. कागद ओला झाला की त्याची किंमत उतरते. अर्थात त्यांचे हित व शहराचे हित एका वाटेने चालते. तरीही आपण फुटकी काच उष्ट्या अन्नात टाकली, तर ती त्यांच्याच हाताला लागते, हे विसरता कामा नये.

आपल्या जिल्ह्यास हा धडा नवा नाही. १९४६ च्या सुमारास विनोबा भावे पवनारहून चालत रोज सुरगावी जात व तेथील मैला स्वतः साफ करीत. कंत्राटाने गाडी येते. आपले कर्तव्य तीत भरून पाठविता येत नाही.

यास्तव विद्यार्थ्यांनी घरी ओल्या व सुक्या कचऱ्याकरिता दोन निराळ्या बादल्या ठेवाव्या, व काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी. पालकांनी आपल्या नगरपरिषदेस एवढेच विचारावे: कंत्राटदारास पैसे कशाचे मोजून देता, वजनाचे की स्वच्छतेचे?