इंधन जपा, घर आणि माल वाचवा

कापड, शिलाई, वेल्डिंग असा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांचे घर आणि दुकान बहुधा एकाच छपराखाली असते. आमच्या सानगडीतही (ता. साकोली) असेच आहे. पुढे गिऱ्हाईक, मागे चूल आणि कोपऱ्यात मोटारसायकलसाठी किंवा जनरेटरसाठी आणलेली पेट्रोलची बाटली.

प्रत्यक्षात पेट घेते ती पेट्रोलची वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत दूरच्या चुलीपर्यंत पोहोचते. कडाक्याच्या थंडीतही ती तयार होते. रॉकेलची वाफ पेटण्याजोगी व्हायला साधारण 35 ते 40 अंशांहून जास्त उष्णता लागते. पण भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा टिनाच्या छपराखाली रॉकेलचाही भरवसा धरू नये.

1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल 30 लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते. मात्र भांडे घट्ट बुचाचे हवे. धातूचे असल्यास 25 लिटरपर्यंत, काचेचे किंवा चिनी मातीचे असल्यास 1 लिटरपर्यंत. थंड पेयाची प्लॅस्टिक बाटली यात बसत नाही. शिवाय मुले ती पाणी समजून तोंडाला लावतात.

18 मे 2025 रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जण दगावले. मालकाचे कुटुंब तेथेच राहत होते. ती आग इंधनामुळे लागली, असे आमचे म्हणणे नाही. पण सुताचा माल पेटला की आत झोपलेल्यांना वाट मिळत नाही, हा धडा आपण घ्यावा.

म्हणून एवढे पाळावे :

1. गरजेपुरतेच इंधन आणावे. ते घराबाहेर, सावलीत, कुलपात ठेवावे. जिन्याखाली किंवा दारात ठेवू नये.

2. डाग काढायला पेट्रोल वापरणाऱ्या शिंपी बांधवांनी ते काम उघड्यावर करावे. जवळ इस्त्री किंवा बिडी नसावी.

3. जनरेटर बंद करून, थंड झाल्यावरच त्यात पेट्रोल भरावे.

4. वाळूची बादली हाताशी असावी. पेटत्या पेट्रोलवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

झोपण्यापूर्वी घरातली आग विझवावी, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आहे. दुकानात गिऱ्हाइकाचे कापड ही अमानत असते आणि घरातली लेकरे त्याहून मोठी अमानत. एका बाटलीच्या गफलतीने दोन्ही जाऊ नयेत.