अचूकपणाची किंमत : व्हिटवर्थची रायफल

१८५७ च्या उठावाच्या धड्यात एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांची हकिकत आपण सर्वांनी वाचली आहे. परंतु त्याच वर्षी इंग्लंडमध्ये झालेल्या चाचण्यांत ही रायफल अचूकपणात एका यंत्रकारागिराच्या रायफलीपुढे हरली, हे त्या धड्यात नसते. त्या कारागिराचे नाव जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–१८८७).

माझे वडील लेथवर काम करतात. 'व्हिटवर्थ आटे' हा शब्द मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलो. ते एका माणसाचे नाव आहे, हे मात्र मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळले.

१८५४ मध्ये सरकारने रायफली बनविण्याच्या यंत्रांविषयी व्हिटवर्थला विचारले. नळी कशी असावी हेच नक्की ठाऊक नसेल, तर यंत्रे कशाची करायची, असे त्याचे म्हणणे पडले. म्हणून त्याने आधी मँचेस्टरला आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी उभारून घेतली व वाऱ्याचा अडथळा टाळून प्रयोग केले.

रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. त्यामुळे गोळी गरगर फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे तोल सांभाळते. एन्फील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता व पिळाचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होई. व्हिटवर्थने व्यास ०.४५१ इंच ठेवला, फेरा २० इंचांवर आणला आणि नळीचे छिद्र षट्कोनी केले. त्यात नेमकी बसणारी षट्कोनी गोळीही घडविली.

एवढा नेमकेपणा आला कोठून? त्याचे मूळ सपाट पृष्ठभागात आहे. दोन सरफेस प्लेट एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तरी एक खोलगट व दुसरी फुगीर असू शकते. तिसरी घेऊन तिन्ही आळीपाळीने रंग लावून जुळविल्या व उंचवटे खरवडले, तरच तिन्ही सपाट होतात. ही रीत त्याने १८४० मध्ये निबंधात मांडली. पुढच्याच वर्षी त्याने ५५ अंशांच्या आट्यांचे सर्वत्र एकच प्रमाण असावे असे सुचविले.

तरीही सैन्याने त्याची रायफल स्वीकारली नाही. ती महाग होती आणि दारूच्या काजळीने तिची अरुंद नळी लवकर भरे. रणांगणावरील सैनिकाच्या दृष्टीने हे दोष लहान नव्हते. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचा पहिला बार मात्र राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीतून काढला.

मला त्या रायफलीहून मोठी वाटते ती त्याची १८६८ ची देणगी. होतकरू यांत्रिकांना शिकता यावे म्हणून त्याने शिष्यवृत्त्या ठेवल्या. कारखान्यातील हाताला पुस्तकाची जोड हवी, हे त्याला पटले होते.

घरी मी वडिलांना तीन प्लेटची गोष्ट सांगू लागलो, तर तिसरी का लागते हे त्यांनी माझ्याआधीच सांगितले. "आम्ही अडाणी" असे ते नेहमी म्हणतात. त्या दिवशी मला ते म्हणणे मान्य करवले नाही.