न्यूझीलंडची पहिली निवडणूक

निवडणूक तुम्ही पाहिली आहे. शाळेच्या वर्गात मतदान केंद्र असते, बोटाला शाई लावतात आणि मत गुप्त राहते. आता एका अशा निवडणुकीची माहिती घेऊ, जिच्यात यांपैकी काहीच नव्हते.

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला दोन मोठी बेटे दिसतात. हाच न्यूझीलंड देश. तेथे माओरी लोक शेकडो वर्षांपासून राहत होते. १८४० साली वायटांगी या ठिकाणी माओरी प्रमुखांनी इंग्रजांशी करार केला. ब्रिटिश प्रजेचे सर्व हक्क माओरींना मिळतील, असे वचन त्या करारात होते. हक्क हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आणि मराठीत त्याचा अर्थ एकच.

पुढे इंग्लंडहून आलेले लोक म्हणू लागले, "येथील कारभार आम्हांला चालवू द्या." १८५२ साली ब्रिटिश संसदेने तसा कायदा केला आणि १८५३ मध्ये पहिली निवडणूक झाली. जागा होत्या ३७. ही निवडणूक एका दिवसात झाली नाही. १४ जुलैला सुरू झाली ती १ ऑक्टोबरला संपली! गंमत अशी, की बे ऑफ आयलंड्स येथून निवडून आलेले पहिले सदस्य ह्यू कार्लटन यांच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही. त्यामुळे पहिला सदस्य एकही मत न पडता निवडून आला.

इतर ठिकाणी मत सर्वांदेखत द्यावे लागे. आपले मत कोणाला, हे अधिकाऱ्यासमोर जाहीर करायचे. समजा, तुमचा मालक किंवा सावकार तेथेच उभा आहे. मग तुम्ही मनातले नाव घ्याल का?

मत देता येईल असा माणूस कोण, हेही कायद्याने ठरवले होते. तो पुरुष असावा, २१ वर्षांचा असावा आणि त्याच्याकडे मालमत्ता असावी. ५० पौंड किमतीची स्वतःची जमीन किंवा वर्षाला १० पौंड भाड्याची जमीन चालत असे. शहरात १० पौंड आणि खेड्यात ५ पौंड वार्षिक भाड्याचे घर असले, तरी पुरे होते. त्या काळच्या इंग्लंडच्या मानाने ही अट सोपी होती. एखाद्याची मालमत्ता दोन-तीन मतदारसंघांत असेल, तर तो प्रत्येक ठिकाणी मत देऊ शकत असे.

कायद्यात माओरींना कोठेही मनाई नव्हती. तरीही एकूण ५,८४९ मतदारांपैकी माओरी होते फक्त शंभरच्या आसपास. देशात तर त्यांचीच संख्या जास्त होती! असे का झाले? माओरींची जमीन साऱ्या जमातीची असे. आपल्याकडे सातबाऱ्यावर जसे मालकाचे नाव असते, तसे एकाचे नाव त्या जमिनीला नव्हते. पूर्वजांपासून ते जमीन कसत होते, पण मतदानाच्या कायद्यापुरते ते मालक ठरत नव्हते. मनाई न करताही दार बंद करता येते, ते असे.

२४ मे १८५४ रोजी ऑकलंडमधील एका साध्या लाकडी इमारतीत संसदेची पहिली बैठक झाली. मात्र संसदेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ १८५६ सालीच आले.

१८६७ मध्ये माओरींसाठी चार वेगळ्या जागा ठेवण्यात आल्या. संख्येच्या मानाने त्या फारच कमी होत्या. परंतु या जागांसाठी मालमत्तेची अट नव्हती. म्हणजे सर्व प्रौढ माओरी पुरुषांना मत मिळाले १८६७ मध्ये आणि गरीब गोऱ्या पुरुषांना १८७९ मध्ये. १८९३ साली माओरी आणि गोऱ्या अशा सर्व प्रौढ स्त्रियांनाही मताचा हक्क मिळाला.

गुप्त मतदानाचा कायदा १८७० मध्ये झाला. पण माओरी जागांना तो लागू नव्हता. त्या मतदारांना गुप्तपणे मत देता आले ते १९३८ सालच्या निवडणुकीत.